तबकडीवाल्याची चूक

पार्सलच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहून मी फोनवर मैत्रिणीला अगदी मनसोक्त सांगत होते, "अगं, चक्क फसवलंय मला त्या मेल्यानं! म्हणे जुन्या स्विंग संगीताचं ऑनलाइन दुकान! गाणी आहेत का शर्यतीचे घोडे? तक्रार केली तर उलट मलाच लिहितो, कान तपासून घ्या म्हणून. भेटू दे एकदा…"

"भेटला," मागून आवाज आला.

मी वळले. हनुवटीपर्यंत चपट्या खोक्यांची चळत, वर पावसानं भिजलेले केस, आणि मधे दोन डोळे — हसू दाबणारे.

"आणि कान नाही, 'हेडफोन तपासून घ्या' असं लिहिलं होतं मी."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. पण चूक माझी नव्हती, मग मी का लाजू? फोन ठेवला आणि म्हटलं, "बरं झालं भेटलात. ती खोकी पाठवून टाका आणि समोरच्या कॅफेत या. मला माझी गाणी दुरुस्त करून हवी आहेत."

तो आला. निमूटपणे आला, हे विशेष.

मी फिजिओथेरपिस्ट. लोकांना पुन्हा चालायला शिकवणं हे माझं काम, आणि सध्याची माझी सगळ्यात हट्टी पेशंट म्हणजे माझी मावशी. तिनंच मला लहानाचं मोठं केलं. चार महिन्यांपूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली. हात सुधारला, बोलणं तर नको इतकं सुधारलं, पण पाय काही वेळेवर पडेना. तिच्या मुलाचं, माझ्या दादाचं, म्हणणं सरळ होतं : डॉक्टरांसमोर आई आधाराशिवाय वीस पावलं चालली तर राहू दे तिच्या घरात. नाहीतर घराला कुलूप, आणि आई त्याच्याकडे, दुसऱ्या शहरात. दादा वाईट नाही हो, घाबरलाय. पण त्या घरातून उठवली तर मावशी खचेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. तपासणीला तीन आठवडे उरले होते.

लयीवर पाऊल टाकायला लावलं की असे पाय सुधारतात. पण यंत्राची टिकटिक लावली तर मावशी म्हणाली, "घड्याळाच्या तालावर मी नाही चालणार. स्विंग लाव. वडिलांच्या तबकड्यांवर मी आणि तुझी आई फरशी झिजेपर्यंत नाचलोय."

त्या तबकड्या केव्हाच फुटून गेलेल्या. आता स्विंग, म्हणजे ते जुनं अमेरिकी नाचाचं बँड-संगीत, आणायचं कुठून? ऑनलाइन शोधलं तर आधी निघाले बागेतले झोपाळे! मोठ्या अ‍ॅपवर गाणी मिळाली, पण त्यात नवाच ढमढमाट घातलेला, आणि मधेमधे जाहिराती. मावशीचा पाय हवेत आणि कानात शांपू! एका ग्रंथालयाच्या संग्रहात खरी गाणी फुकट होती, पण खरखर इतकी की लय सापडेना. शेवटी जाणकारांच्या एका चर्चागटात एका भल्या माणसानं सांगितलं, "नुसतं 'स्विंग' लिहू नका, बँडचं नाव आणि साल लिहा. आणि फाइल विकतच घ्या, म्हणजे ती कायम तुमच्याजवळ राहते." तसं शोधता शोधता याचं दुकान सापडलं. तबकड्यांवरून स्वतः उतरवलेली गाणी, स्वच्छ, गोड. बारा घेतली. मावशीनं पहिलंच ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पळतंय गं हे. आमचं असं पळत नव्हतं."

"मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी मी अठ्ठ्याहत्तरवरच वाजवतो," तबकडीवाला कॉफी ढवळत म्हणाला. "माझं यंत्र चुकत नाही."

"माझी मावशीही चुकत नाही."

"इतक्या वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे…"

"तिच्यासमोर म्हणा हे. चला."

"आत्ता?"

"का? भीती वाटते?"

"मावशींची नाही," तो म्हणाला, "तुमची वाटायला लागलीय."

हसलाच वर. आणि मी… मी कप उगाचच दोनदा पुसला.

मावशीनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि पुढच्या खोलीतल्या पियानोपाशी खुर्ची ओढायला लावली. "हे गाणं इथून सुरू व्हायचं," तिनं उजव्या हातानं एक पट्टी दाबली. "काळी चार. वडिलांच्या तबकडीबरोबर मी रोज वाजवायची. आता तुझं लाव."

त्यानं फोनवर लावलं. बँडचा सूर ना काळी चारवर बसला, ना शेजारच्या पांढरी सहावर. मधल्या फटीतच लोंबकळत राहिला. पियानो घरी आणल्यापासून वापरातला, दर वर्षी जुळवलेला. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतंच.

त्याचा चेहरा उतरला. "काही कंपन्या त्या काळी जरा कमी वेगानं ध्वनिमुद्रण करायच्या. ते अठ्ठ्याहत्तरवर लावलं की गाणं पळतं आणि सूर चढतो," तो हळूच म्हणाला. "मला हे माहीत होतं हो. तरी तबकडीवरचा आकडा वाचून डोळे मिटून अठ्ठ्याहत्तरच लावत आलो… मावशी, चूक माझी आहे."

"मग बसलास काय? यंत्र घेऊन ये इथं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानाच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं : या कंपनीच्या सगळ्या गाण्यांचा वेग माझ्याकडून चुकला आहे, विक्री थांबवली आहे, घेतलेल्या प्रत्येकाला दुरुस्त गाणी पाठवीन. कुणी विचारलंही नव्हतं त्याला! 'चुकलो' असं इतकं सरळ म्हणणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. खरं सांगते, मी तिथंच विरघळले.

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. तो वेग कणाकणानं उतरवायचा, मावशी पट्टी दाबून सूर पारखायची, आणि सूर जुळला की मी तिला उभी करायची. तीन पावलं. पाच. नऊ.

"तुम्ही पेशंटला इतकं रागावता?" तो एकदा कुजबुजला.

"फक्त आवडत्या माणसांना."

"मग मला पण रागवा ना कधीतरी…"

"सुई नीट ठेवा," मी म्हटलं. कान मात्र गरम झाले.

तपासणीला चार दिवस असताना मावशीचा गुडघा दुमडला. मी धरलं म्हणून पडली नाही. ती पलंगावर बसली आणि पहिल्यांदाच रडली. "पुरे गं. जाऊ दे मला तुझ्या दादाकडे. उगाच सगळ्यांना त्रास."

माझं काम रडायचं नव्हतं. "रडून झालं की सांग," मी म्हटलं, "आपण पुन्हा उभं राहणार आहोत." त्यानं तबकडी पहिल्यापासून लावली, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. सातव्यांदा मावशीनं डोळे पुसून हात पुढे केला.

तपासणीच्या दिवशी नर्सनं फोनकडे बोट दाखवलं. "इथं गाणी चालणार नाहीत." दादा डॉक्टरांशेजारी उभा, घामाघूम. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं. मावशीनं आमच्याकडे बघितलं आणि निघाली. ओठांतल्या ओठांत तेच गाणं, मान डोलत होती. अकरा… बारा… तेराव्याला डावा पाय अडखळला. तबकडीवाल्यानं माझं मनगट घट्ट धरलं. मावशी थांबली, तिनं सम पकडली आणि पुन्हा निघाली. वीस झाली तरी थांबेना. सव्विसाव्या पावलाला डॉक्टरच म्हणाले, "आजी, बास!"

दादा लहान मुलासारखा तिच्या गळ्यात पडला. "आई, राहा तू तुझ्या घरात. मीच येत जाईन."

मी भिंतीला टेकून रडून घेतलं. शेजारी तो बॅगेचा पट्टा चाळवत होता. "सगळी गाणी तुमच्या फोनवर टाकलीत. वेग बरोबर आहे. आता… तुम्हाला माझी गरज उरली नाही."

मी डोळे पुसले. पेशंटला मी कधी अर्ध्या वाटेत सोडत नाही, मग स्वतःला का सोडू?

"नाही उरली," मी म्हटलं. "गरज होती म्हणून आजवर बोलावलं. आता गरज नसताना ये. उद्या, परवा, रोज. मला तू आवडतोस. काय ते आत्ता सांग, मला वाट बघायची सवय नाही."

"येतो," तो म्हणाला. माझं वाक्य धड संपलंही नव्हतं. "तू नसतं म्हटलंस तरी आलो असतो… कारण शोधत होतो इतकंच."

"सापडलं ना कारण?" मावशी दादाच्या खांद्यावरून ओरडली. "मग चला घरी. चहा आज मी करणार. आणि माझ्या स्वयंपाकघरात कुणी लुडबुडायचं नाही!"