अकरा मिनिटं

मागण्यांचा कागद मॅनेजरला द्यायला मी दुकानात गेलो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते. संपाचा पहिलाच दिवस होता. पिझ्झा पोचवणारे आम्ही आठ जण सकाळपासून समोरच्या फुटपाथवर गाड्या ओळीने लावून बसलो होतो. कागद मी टाइप करून आणला, म्हणून तो आत नेऊन द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

मागण्या चार होत्या. पेट्रोलचा खर्च कंपनीने द्यावा. पिझ्झा पोचवायची ठरलेली वेळ दर दोन आठवड्यांनी कमी करत जाण्याचा नियम रद्द व्हावा. दुकानातला संडास आम्हालाही वापरू द्यावा, कारण ‘फक्त ग्राहकांसाठी’ ही पाटी वाचत दहा तास काढणं माणसाच्या हातात नसतं. आणि चौथी मागणी, जिच्यासाठी मी खरा तिथे बसलो होतो: माझ्या साडूचा अपघात कामावर असताना झाला, हे कंपनीने लेखी मान्य करावं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला या कामाला मीच लावलं होतं. काम सोपं आहे, अशी थापही मीच मारली होती. महिन्याभरापूर्वी पुलाखालच्या वळणावर एका ट्रकने त्याला उडवलं आणि तो जागीच गेला. कंपनीने हात वर केले. म्हणे, अपघाताच्या बारा मिनिटं आधी तो मोबाइलवरून लॉगआउट झाला होता, म्हणजे त्याचं काम संपलं होतं, आणि पुढचा प्रवास खासगी. चार गरम पिझ्झे पाठीमागच्या पेटीत घालून माणूस कुठल्या खासगी कामाला निघतो, हे विचारून विचारून माझा घसा बसला. भरपाईचा अर्ज फेटाळला गेला आणि मेहुणी दोन वर्षांच्या पोरीला घेऊन आमच्या दोन खोल्यांत राहायला आली.

मॅनेजरला आम्ही सरासरीसाहेब म्हणायचो. सगळ्यांच्या वेळांची सरासरी काढायची आणि पुढच्या पंधरवड्यात तीच सगळ्यांची मुदत करायची, हा त्यांचा लाडका नियम. मुदत चुकली की भत्ता गेला. म्हणून आम्ही आपसांत ठरवून टाकलं होतं, पंचवीस मिनिटांच्या आत कुणी पोचायचंच नाही. रस्ता मोकळा असला तरी कोपऱ्यावर दोन मिनिटं उभं राहायचं. साडू होता तोवर तोही उभा राहायचा. तरी गेल्या तीन आठवड्यांत सरासरी एकदम एकोणीसवर आली होती. आमच्यातलंच कुणीतरी फितूर आहे असं वाटून आम्ही एकमेकांशी धड बोलतही नव्हतो.

साहेबांनी कागद वाचलाच नाही. घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाले, बसा हवं तितके दिवस, ऑर्डरी जातायत.

मी भिंतीवरच्या पडद्याकडे पाहिलं. सकाळपासून एकतीस ऑर्डरी पोचल्या होत्या. प्रत्येकीपुढे एकच वेळ होती, अकरा मिनिटं. आणि एकच क्रमांक, चौदा. चौदा नंबर माझ्या साडूचा होता.

माझं डोकंच फिरलं. मेलेल्या माणसाच्या क्रमांकावर भाड्याचा पोऱ्या फिरवता, असं मी तोंडावर म्हणालो. साहेबांनी खांदे उडवले. हेड ऑफिसने नवा कुणी पाठवला असेल, म्हणाले, आपल्याला काय, माल वेळेवर पोचतोय. तीन आठवडे चौदा नंबर पळत होता आणि या माणसाला एकदाही उठून बघावंसं वाटलं नव्हतं की तो कोण आहे.

मागच्या बाजूला भट्टीवर काम करणाऱ्याला मी खिडकीतून गाठलं. तो आमच्याच बाजूचा होता, पण बोलताना इकडेतिकडे बघत होता. डबे नेणारा त्याने पाहिलाच नव्हता. डबा फळीवर ठेवायचा, भट्टीकडे वळायचं, परत बघावं तर फळी रिकामी. गाडी सुरू झाल्याचा आवाज नाही, पावलं नाहीत. फक्त पेट्रोलचा वास येतो, म्हणाला, सांडलेल्या पेट्रोलचा. आणि मग खाली मान घालून कणीक मळू लागला.

आम्ही आठ जण दुकानाच्या दोन्ही दारांवर नजर ठेवून तासभर बसलो. कुणी आत गेलं नाही, कुणी बाहेर आलं नाही. पडद्यावरचा आकडा मात्र एकतीसचा अडतीस झाला. आमच्यात एकच बाई होती, तिला सगळे ताई म्हणायचे. तिनेच शेवटी वैतागून तोडगा काढला. इथे काय दारं राखत बसलात, म्हणाली, घरी जा आणि एक ऑर्डर दे. जो कोण असेल तो तुझ्या दारात येईल.

घरी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. बायको पोरीला घेऊन दवाखान्यात गेली होती आणि मेहुणी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी ऑर्डर दिली आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. आमचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट कधीची बंद. जिन्यावरून मांजर चढलं तरी आमच्याकडे ऐकू येतं. त्या अकरा मिनिटांत जिना गप्प होता. खालच्या घरातल्या टीव्हीचा आवाजही मध्येच थांबला. उजेड कमी होत गेला, पण दिवा लावायला उठावं असं मला वाटेना.

आणि बेल वाजली.

दाराच्या भिंगातून पाहिलं तर बाहेर हेल्मेट. काच खाली ओढलेली. आधी पेट्रोलचा वास आला, मग आवाज. प्रत्येक दारात म्हणायला लावतात ते वाक्य, एका सुरात.

“नमस्कार सर. आपली ऑर्डर. आपला दिवस चविष्ट जावो.”

तो आवाज मी कुठेही ओळखला असता. खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी मला राग आला. साखळी तशीच ठेवून मी दार चार बोटं उघडलं.

“तू?”

आवाज बारीक झाला.

“दादा… उशीर झाला का?”

“उशीर कसला? अकरा मिनिटांत यायला तुला सांगितलं कुणी? तुझ्यापायी आम्हा सगळ्यांचा भत्ता गेला. आम्ही तिकडे संपावर बसलोय, तुझ्यासाठी, आणि तू ऑर्डरी उचलतोयस?”

“संप?” हेल्मेट किंचित कललं. “मला… कुणी कळवलं नाही.”

ते खरं होतं. तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्याचा नंबर मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढून टाकला होता. यादीत त्याचं नाव बघवत नव्हतं. काढला होता मीच.

“तू लॉगआउट झालास म्हणतात,” मी कसंबसं म्हणालो. “त्या वळणाच्या आधी.”

“मी नाही केलं, दादा… मी गाडीवरच होतो. अजून… गाडीवरच आहे.”

मागे पावलं वाजली. मेहुणी आतल्या खोलीच्या दारात उभी होती, पदर खांद्यावर ओढून. तिने कोण आलंय असं विचारलं नाही. तिला ऐकू गेलं होतं.

“भाऊजी,” ती अगदी हळू म्हणाली, “त्यांना पाणी विचारा.”

आयुष्यात इतक्या दारांत उभा राहिलोय, पण पाणी मलाही कुणी विचारलं नव्हतं. ती पेला भरून आणेपर्यंत मी साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. डबा उंबऱ्यावर होता आणि हाताला चटका बसेल इतका गरम होता. मेहुणीने पेला डब्याशेजारी ठेवला आणि तिथेच खाली बसली. तिला उठवायला मला खूप वेळ लागला. सकाळी पाहिलं तर पेला रिकामा होता. मांजराने सांडला असेल, असं मी बायकोला सांगितलं.

त्याच रात्री मी त्याचा नंबर ग्रुपमध्ये परत घातला. त्याच्या मोबाइलचे तुकडे आमच्याच कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत होते, तरी घातला. खाली लिहिलं, संप चालू आहे, कुणीही ऑर्डर उचलायची नाही. बाकीच्यांनी मला वेडा ठरवलं असणार, पण कुणी विचारलं नाही. फक्त ताईने त्याला उद्देशून लिहिलं, माफ कर भाऊ, आधीच सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी एकही ऑर्डर हलली नाही. दुपारपर्यंत फळीवर डब्यांची चळत लागली, फोन वाजून वाजून तापले आणि सरासरीसाहेब स्वतः चार डबे घेऊन निघाले. पहिलाच पत्ता शोधायला त्यांना पन्नास मिनिटं लागली. तिसऱ्या दिवशी हेड ऑफिसची माणसं आली. पेट्रोल मिळालं, संडासाची पाटी निघाली, मुदतीचा नियम गेला. आणि चौकशीत एकाएकी सापडलं की साडूचं लॉगआउट दुकानातल्या संगणकावरून, अपघाताचा फोन आल्यानंतर, मागची वेळ घालून केलेलं होतं. तांत्रिक चूक, असं साहेब म्हणाले. मेहुणीला कागद मिळाला, भरपाई मंजूर झाली. आम्ही इतके दिवस कंठशोष केला त्याला कुणी भीक घातली नाही. मेलेल्या माणसाने काम थांबवलं तेव्हा सगळ्यांना जाग आली. याचा राग मला अजून येतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग परवा दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

शहराच्या दुसऱ्या टोकाला याच कंपनीचं दुकान आहे, तिथला एक जण होता. आमचं ऐकून तेही त्या दिवशी सकाळपासून संपावर बसले होते. पण ऑर्डरी पोचत होत्या. प्रत्येक ऑर्डर अकरा मिनिटांत.

मी वैतागलोच. साडू आता तिकडे जाऊन बसला की काय, असं मनात आलं. तुमच्यातला जो गेला असेल त्याचा नंबर ग्रुपमध्ये घाला, मी म्हणालो, आणि त्याला नीट सांगा.

“आमच्यातलं कुणी गेलेलं नाही हो,” तो म्हणाला. “आम्ही नऊच्या नऊ इथे बसलोय. पडद्यावर… आमचीच नावं दिसतायत.”

“गाड्या कुठायत तुमच्या?”

“इथेच, समोर. सकाळपासून हललेल्या नाहीत.”

मी त्याला म्हणालो, जा, गाडीला हात लावून बघ. त्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला, चार-पाच पावलं. मग त्याने ‘स्स्’ करून श्वास आत ओढला.

“सायलेन्सर तापलाय,” तो म्हणाला. “हात भाजला माझा.”

त्याच्या मागे आणखी कुणाची तरी पावलं वाजली. मग एक दबका आवाज आला, “माझ्या गाडीचाही तापलाय.” मग दुसरा. मी फोन कानाला लावून एकेक आवाज मोजत राहिलो.