तुलनेचा वाफा

हन्ना साळवेचा कॅमेरा ऐन मंगलाष्टकांत गेला. भटजींनी 'सावधान' म्हटलं, कॅमेऱ्याने ते मनावर घेतलं आणि शटर कायमचं मिटलं. अक्षता पडल्या त्या तिने मोबाईलवर टिपल्या. त्या वेळी नवऱ्या मुलाच्या काकांनी तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मात्र तिला कुठल्याही कॅमेऱ्याशिवाय लख्ख आठवत राहिली.

म्हणून ती राहात्याहून एसटीने नगरला आली. दिवाळी उलटली होती, नाताळानंतरच्या लग्नांच्या सुपाऱ्या घेऊन झाल्या होत्या. नवा कॅमेरा घ्यायचा होता, आणि पुढची काही वर्षं त्याच्यावरच पोट भरायचं असल्यामुळे चुकून चालणार नव्हतं.

आता धंद्याचा कॅमेरा घेणं सोपं नाही. आपल्याकडे त्याचे मुख्य पंथ दोन. एकाच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लाल, दुसऱ्याच्या पट्ट्यावर पिवळा. कंपन्यांची नावं इथे घेण्यात अर्थ नाही. दोन्ही पंथांचे लोक एकाच मांडवात जेवतात, उगीच वाढप्यावर राग निघायचा. माणूस एकदा लाल पट्ट्यात गेला की त्याच्या लेन्सा, फ्लॅश, बॅटऱ्या, सगळं लाल घराण्याचं होतं. पिवळ्याची लेन्स लालला बसत नाही. त्यामुळे पट्टा बदलणं हे पक्ष बदलण्यापेक्षा अवघड. पक्ष बदलताना निदान सामान तरी बरोबर नेता येतं.

गहिनीनाथच्या दुकानात दोन्ही पट्टे शेजारीशेजारी टांगलेले होते. गहिनीनाथ निःपक्षपाती माणूस. समोर जो उभा असेल त्याच्याशी तो सहमत असायचा.

"ताई, माणसाच्या कातडीचा रंग म्हणजे लालच," तो हन्नाला सांगत होता. "नवरी गुलाबासारखी निघते. डोळे झाकून घ्या."

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला चष्मेवाला एक तरुण उभा होता. पिवळ्या पट्ट्याचा कॅमेरा घेऊन तो टोमॅटोच्या एका डागाळलेल्या पानाचा फोटो काढत होता. पान त्याने स्वतःच्या खिशातून आणलं होतं.

गहिनीनाथ त्याच्याकडे सरकला. "साहेब, खरा रंग म्हणजे पिवळाच. जे आहे ते दिसतं. डोळे झाकून घ्या."

हन्नाने मान वळवली. त्यानेही. गहिनीनाथच्या डोक्यावरून दोघांची नजर भेटली…

"डोळे झाकून कॅमेरा कसा घेतात?" तो म्हणाला.

"मला विचारू नका. मी मघापासून झाकूनच उभी आहे."

तो हसला. हसताना त्याचा चष्मा जरा खाली घसरायचा आणि तो एका बोटाने तो वर करायचा. हन्नाने हे का टिपून ठेवलं, ते तिला कळलं नाही. गोंधळाची सुरुवात तिथूनच धरायला हवी.

त्याचं नाव नोहा पगारे. राहुरीला कृषी विद्यापीठात रोगट पिकांचे फोटो काढायची नोकरी.

"म्हणजे तुमची गिऱ्हाइकं पानं?"

"पानं, शेंगा, कधी खोड. तक्रार करत नाहीत."

"माझी करतात. मामा डुलकी घेताना आला, मामीची पैठणी अर्धीच आली…"

"मला पानाचा पिवळेपणा नेमका लागतो. एक छटा चुकली तर शेतकरी भलतंच औषध मारतो."

"मला तो जागा बघून लागतो. आमच्यात आदल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पांढरा गाऊन. हळद सोन्यासारखी आली पाहिजे आणि गाऊन हळदीसारखा यायला नको."

"आमच्यातही तसंच," नोहा म्हणाला, आणि मग काही कारण नसताना चष्मा पुसायला लागला.

गहिनीनाथने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "असं करा. रविवारी दुकान बंद असतं. दाखवायचे दोन्ही कॅमेरे शनिवारी न्या, सोमवारी आणून द्या. साहेब राहुरीचे, ताई राहात्याच्या, एकाच रस्त्यावर आहात. मिळून पारखा. पटेल तो घ्या."

दोघंही एकदमच म्हणाले, की हे काही बरोबर दिसत नाही. आणि दोघंही रविवारी मुळा धरणावर हजर झाले.

नोहाने सगळं ठरवून आणलं होतं. "खताची चाचणी घेतात तशीच घेऊ. सारखी जमीन, सारखं पाणी, खत तेवढं वेगळं. म्हणजे फरक पडला तर तो खताचाच."

"जमीन कोण?"

"तुम्ही."

हन्नाला आजवर लग्नासाठी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. जमीन म्हणून कुणी विचारलं नव्हतं.

ती पाण्याच्या कडेला दगडावर बसली. लांबून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून चालले होते, वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा गोडूस, आंबूस वास येत होता. नोहाने आधी लाल पट्टा डोळ्याला लावला, मग पिवळा.

"हनुवटी जरा खाली… एवढी नाही… हां."

"केस डोळ्यावर आलेत. सारू?"

"नको, राहू दे—"

"का?"

"लालमध्ये आलेत तर पिवळ्यातही यायला पाहिजेत. चाचणीसाठी."

"चाचणीसाठी," ती म्हणाली.

"हो ना," तो घाईने म्हणाला.

मग तिने त्याचे काढले. तो दगडावर असा बसला होता, जणू त्याच्यावरच कुणी औषध मारणार आहे.

संध्याकाळी धरणाजवळच्या टपरीवर चहा घेताना त्याने लॅपटॉप उघडला. कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे झाकून ठेवलं, आणि तिला तिच्या फोटोंतले चांगले तेवढे निवडायला सांगितलं. तिने भराभर निवडले. झाकण काढलं तर निम्मे लाल, निम्मे पिवळे.

"असं कसं?" हन्ना म्हणाली.

"उजेडाचा फरक असेल. पुढच्या रविवारी ढगाळ हवेत बघू."

पुढच्या रविवारी ऊन होतं, तेही बघून झालं. मग उसाच्या सावलीत बघितलं, मग सूर्य बुडताना बघितलं. निकाल दर वेळी निम्मा-निम्मा. बरं, निवडलेल्या फोटोंत ती अशी काही दिसायची, की राहात्याच्या घरातल्या आरशाविषयी तिच्या मनात शंका यायला लागली. हे रूप कुठल्या पट्ट्याचं? सोमवारी तिला लाल वाटायचा, बुधवारी पिवळा, आणि शुक्रवारपासून नुसता रविवार वाटायचा.

लग्नांच्या तारखा मात्र जवळ येत होत्या. एका संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "मला आता कुठलातरी एक घ्यायलाच हवा."

नोहाचा चहाचा कप ओठांशी थांबला. "चूक सापडली," तो म्हणाला. "आपण तुलनेचा वाफाच ठेवला नाही."

"तो काय असतो?"

"बिनखताचा वाफा. काहीच न घालता काय उगवतं ते बघायला ठेवतात. त्याच्याशी ताडून बघितल्याशिवाय कुठल्याच खताचं खरं कळत नाही."

"मग इथे काय घालायचं नाही?"

त्याने बराच विचार केला. "मी," तो म्हणाला. "फोटो मी काढायचे नाहीत. दुसऱ्या कुणीतरी काढायचे. मी आसपासही थांबायचं नाही."

दुसरं कुणीतरी म्हणजे सिल्व्हियामावशी. हन्नाची आई गेल्यापासून हन्ना राहात्याला तिच्याकडेच असायची. पुढच्या रविवारी नोहा दोन्ही कॅमेरे घेऊन तिथे पोचला तेव्हा मावशी ओट्यावर बसून नाताळच्या करंज्या करत होती.

"ह्ये कुठं दाबायचं?" तिने लाल पट्टा उचलला.

"मावशी, हात पूस ना आधी."

"मैदाच हाय. शेण न्हाई."

नोहाला घराच्या मागे आडाजवळ उभं केलं. हन्ना पायरीवर बसली. मावशीने आधी एका कॅमेऱ्याने काढले, मग दुसऱ्याने, मग मजा वाटायला लागली म्हणून दोन्हींनी आलटून पालटून काढत सुटली. "हास गं जरा," ती म्हणत होती. "तोंड असं काय क्येलंय, रेशनच्या रांगंत उभी असल्यागत."

"झालं का?" बऱ्याच वेळाने नोहा कोपऱ्यावरून डोकावला. "येऊ का?"

"थांबा की वाईच, ह्ये संपतंच न्हाई," मावशी म्हणाली, आणि दाबत राहिली.

लॅपटॉप ओट्यावरच उघडला. बिनखताच्या वाफ्याचा निकाल स्पष्ट होता. लाल पट्ट्यात हन्ना लालसर आधार कार्डावरच्या फोटोसारखी आली होती, पिवळ्यात पिवळसर आधार कार्डावरच्या.

"बघा," नोहा उत्साहाने म्हणाला, "दोन्हीकडे पीक खुरटलेलं. खुरटलेलं… इथेही… इथेही…" त्याचं बोट थांबलं. "आणि हे?"

शेवटच्या काही फोटोंत पायरीवर वेगळीच मुलगी बसली होती. मान किंचित वळलेली, डोळ्यांत काहीतरी उजळलेलं, ओठ हसू की नको अशा बेतात. निम्मे लाल, निम्मे पिवळे.

"विचित्र आहे. इथे नेमकं काय बदललं?"

मावशीने कढईत एक करंजी सोडली.

"मी," तो हळूच म्हणाला, "मी विचारायला आलो होतो. झालं का म्हणून."

"कॅमेऱ्यात कायबी खोट न्हाई," मावशी म्हणाली. "करंजी घ्या."

नोहाने करंजी घेतली, पण हातातच धरून ठेवली. त्याचे कान लाल झाले होते, आणि या बाबतीत कुठल्याही कंपनीचं दुमत झालं नसतं. "ही चाचणी बाद धरावी लागेल," तो जमिनीकडे बघत म्हणाला. कॅमेरे पिशवीत भरले, मावशीला नमस्कार केला आणि मोटरसायकल सुरू करून निघून गेला. पुढच्या रविवारचं काही बोलला नाही.

बाद. हन्नाला रात्रभर तो शब्द टोचत राहिला. स्वतःचा चेहरा आपल्याला न विचारता असा सगळं सांगून बसतो, आणि ज्याला सांगतो तो म्हणतो, बाद.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच ती नगरला जाऊन उभी राहिली.

"गहिनीनाथ, कुठलाही एक द्या. आजच द्या."

"कुठलाही म्हणजे अगदी योग्य निवड, ताई," गहिनीनाथ म्हणाला. "पगारे साहेबांना विचारलंत?"

"त्यांना कशाला विचारायचं? त्यांचंच अजून ठरत नाहीये."

"त्यांचं?" गहिनीनाथ खोका काढताकाढता थांबला. "त्यांचा पिवळा तर केव्हाच गेला की राहुरीला. तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच आठवड्यात विद्यापीठाची मंजुरी आली. मीच टेम्पोने धाडला."

त्याच वेळी नोहा दोन्ही पिशव्या घेऊन आत आला. हन्नाला बघून दारातच थबकला. गहिनीनाथला मागच्या खोलीत काहीतरी तातडीचं आठवलं.

"तुमचा कॅमेरा आलाय म्हणे," हन्ना म्हणाली.

"हो."

"केव्हाच आलाय."

"हो."

"मग इतके रविवार कसली तुलना करत होतात?"

त्याने पिशव्या काउंटरवर ठेवल्या. "पहिल्या रविवारी कॅमेऱ्यांची. नंतर… नंतर नक्की कसली, ते मलाच कळेना. म्हणून चालू ठेवली."

"आणि काल बाद का धरलीत?"

"मला भीती वाटली. पिकावर नुसता उजेड बदलला आणि मी समजलो की आपल्यामुळेच डोलतंय, तर? माणूस असा चुकतो. मी रोज बघतो, चुकताना."

"उजेड बदलला नव्हता."

"नाही," तो म्हणाला. "रात्रभर तेच बघत होतो. नव्हता बदलला."

हन्नाला हसूही येत होतं आणि रागही, आणि कुठलं आधी यायला हवं ते ठरत नव्हतं. तिने राग निवडला. "आणि तुमचे फोटो. मी काढलेले. सगळे वाया. लालमध्ये वाया, पिवळ्यात वाया. मला वाटलं माझाच हात बिघडला. एकातही लेन्सकडे बघितलं नाहीत तुम्ही. प्रत्येकात नजर वर."

"वर तुम्ही होतात," नोहा म्हणाला.

रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. आत चष्मा घसरला, पण तो वर करायचं नोहाला सुचलं नाही. हन्नाने हात लांब करून एका बोटाने तो जागेवर बसवला… आणि बोट लगेच मागे घेतलं, जणू काही झालंच नाही.

दुकानातला आवाज थांबल्याचं कळून गहिनीनाथ मागच्या खोलीतून बाहेर आला.

"लाल द्या," हन्ना म्हणाली.

"ताई, खरं म्हणजे साहेबांकडे पिवळा आहे. तुम्हीही पिवळाच घेतलात तर पुढेमागे लेन्सा दोघांना मिळून वापरता येतील. बचत आहे."

"लालच द्या. नाहीतर भांडायला काय उरलं?"

"अगदी बरोबर," गहिनीनाथ म्हणाला. "भांडायला लालच चांगला."

नवा कॅमेरा छातीशी धरून ती एसटी स्टँडपर्यंत चालत गेली. नोहा मोटरसायकल हाताने ढकलत शेजारून चालला होता. बसवून घेऊन जातो, असं म्हणायचं धाडस त्याला अजून झालं नव्हतं आणि निघून जायचंही होत नव्हतं. शिर्डीची गाडी लागलेली होती. हन्नाने पायरीवर पाय ठेवला.

"पुढच्या रविवारी…" तो म्हणाला.

ती वळली. "पुढच्या रविवारी काय तपासायचंय?"

नोहाने प्रामाणिकपणे विचार केला. काही सापडलं नाही.

"काहीच नाही," तो म्हणाला.

"मग येते," हन्ना म्हणाली, आणि गाडीत जाऊन खिडकीशी बसली.