खिळ्यावरची चप्पल

लाईट गेली तर गेली. बसा. कंदील नको लावू डिंपल, किडे येतात. आणि ती छत्री त्या खिळ्याला नको टांगू, खाली ठेव. खाली ठेव म्हटलं ना! हां, अशी.

भूपेंद्र, तूही मोबाईल ठेव बाजूला. दुपारी आलात तेव्हापासून पाहून राहिलो, गाडी उचलायच्या लिफ्टचे फोटो पाहून पाहून तुझे डोळे तांबडे झाले. दोन खांबांची घेऊ का चार खांबांची, नवी घेऊ का जुनी. आयटीआय काय पास झाला, घरच्या अंगणात गॅरेज टाकायला निघाला. टाक बा, चांगलंच आहे. पण उद्या ती जुनी लिफ्ट पाहायला जाशील, त्याच्या आधी माझ्या भाच्याचं ऐकून घे. काय म्हणालीस डिंपल? सकाळी सांगू? सकाळी सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. सारी नोकरी एसटीत रात्रीच्या गाड्या चालवण्यात गेली, देवरीचं जंगल म्हणू नका, चिचगडचा रस्ता म्हणू नका, पण एकाही भुतानं हात दाखवून माझी गाडी थांबवली नाही.

भाचा म्हणजे कुशल. इटियाडोहच्या कालव्याला लागून त्याचं गाव. मागे घर, समोर टिनाचं शेड, तेच त्याचं गॅरेज. काम गोंदियात शिकला, हात सोन्याचा. पण सारं काम जमिनीवर. जॅक लावायचा, पोतं अंथरायचं आणि गाडीखाली सरकायचं. चाळिशीच्या आत मणक्याची गादी सरकली. डॉक्टर म्हणाला, असाच लोळत राहिलास तर एक दिवस पाय उचलणार नाहीत. त्याची बायको राखी दवाखान्यातच रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "लिफ्ट घ्या. उभ्यानं काम करा. नाई तर गॅरेज बंद करा."

आता लिफ्ट निवडायची म्हणजे लग्नाला मुलगी पाहण्यापेक्षा कठीण. गावचे लोक म्हणाले, लिफ्ट कायले पायजे, खड्डा खण. मी म्हटलं, त्याच्या घरामागे बोडीचं तळं, हातभर खणलं की पाणी. आपण कोहळी माणसं, आजे-पणजे तलाव बांधत आले, आपल्या खड्ड्याला पाणी लागणारच! त्यात गाडी दुरुस्त करशील का शिंगाडे लावशील? चार खांबांची लिफ्ट शेडात मावत नव्हती. कात्रीसारखी उघडते ती पाहिली, तर तिचं सारं लोखंड गाडीच्या पोटाखालीच, गिअरबॉक्स उतरवायचा कुठून? राहिली दोन खांबांची. तिला जमीन पक्की लागते. उन्हाळाभर राबून त्यानं शेडाची जमीन खोदली, सळाखी टाकल्या, जाड काँक्रीट ओतलं. नवी घ्यायची ऐपत नव्हती. तेवढ्यात कळलं, देवरीजवळ महामार्गाला एक गॅरेज बंद पडलं आहे, लिफ्ट तशीच उभी आहे.

आषाढ लागला होता. मी सोबत गेलो. विकणारा इंद्रकुमार, गोड बोलणारा माणूस. "ले जाओ भैया, मक्खन चलती है." कुशलनं सारं पाहिलं. तारा पाहिल्या, तेल गळतं का पाहिलं, गाडी वर अडकवून धरणाऱ्या लॉकचे दाते बोट फिरवून पाहिले. लिफ्टचे चारही हात पार वर होते, वर गाडी नाही, काही नाही. आणि उजव्या खांबाला, खाली उतरवायचा खटका असतो ना, त्याच्या बाजूला एक खिळा. खिळ्यावर एक चप्पल. डाव्या पायाची. निळ्या पट्ट्याची. तिच्यावर बोटभर धूळ.

मी विचारलं, "हे कोनाची?"

इंद्रकुमार म्हणाला, "अरे, कोई भूल गया होगा."

आता हे नीट ऐक भूपेंद्र. चांगल्या गॅरेजात एक नियम असतो. जो गाडीखाली जाईल त्यानं आपली डावी चप्पल खटक्याजवळ टांगायची. चप्पल दिसली की खाली माणूस आहे. आणि ती काढायची ज्याची त्यानंच, बाहेर येऊन, आपल्या हातानं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, मालक असला तरी नाही. कुशल याच नियमात शिकलेला. पण बंद गॅरेज, रिकामी लिफ्ट, खाली कोण असणार? त्यानं चप्पल काढली, मागच्या पडक्या भिंतीवरून तरोट्याच्या झुडपात भिरकावली, लॉक सोडवलं आणि खटका दाबला.

हात खाली आले. जमिनीपासून वीतभर उरले आणि थांबले.

मग आवाज आला. टक. टक. पाना लोखंडावर हळूच ठोकावा, तसा. कुशल म्हणाला, तेलात हवा धरली असेल. पुन्हा दाबलं, पुरते खाली आले. इंद्रकुमारला बोलावायला मी मागे वळलो, तर तो दाराबाहेर पावसात उभा. आत आलाच नाही.

लिफ्ट घरी आली. खिळ्यासकट. महिनाभर असं काम चाललं की विचारू नका! कुशलची पाठ सुधारली. राखी फोनवर हसायला लागली. मीही म्हटलं, चला, पोराचं भलं झालं.

मग पोळा आला. गेल्या सालचा. शुक्रवार होता, अमावस्या. इथून पुढे मी नव्हतो. कुशलनं सांगितलं तेच सांगतो, माझ्या पदरचं काही घालत नाही.

बैल तोरणाखालून घरी आले, पुरणपोळी झाली, गाव झोपायला लागलं. राखी म्हणाली, आज अवजाराला हात नका लावू. पण शेडात बकाराम गुरुजीची बोलेरो उभी होती. गुरुजीला दर शनिवारी सकाळी डायलिसिसला गोंदियाला न्यावं लागते, आणि गाडीचं गिअर ऑईल गळत होतं. कुशल म्हणाला, "सण सणाच्या जागी. गुरुजी थांबन, पन त्याची किडनी थांबन का?" दहा वाजून गेले होते. त्यानं बोलेरो वर चढवली, लॉक बसवलं, आपली डावी चप्पल खिळ्यावर टांगली. तपकिरी चप्पल. अंगठ्याचा पट्टा तुटलेला, तो त्यानं तांब्याच्या तारेनं बांधला होता. मग खाली शिरला.

थोड्या वेळानं लाईट गेली. आज गेली तशीच. त्याच्याजवळ बॅटरी होती, ती चाकाला अडकवून तो काम करत राहिला. पाऊस टिनावर वाजत होता. मग पाऊस थांबला.

आणि चप्पल पडली.

फट. एवढाच आवाज.

"राखी?"

त्यानं पुन्हा मोठ्यानं हाक मारली.

"राखी, ते चप्पल वर टांग. मी खाली आहो."

...

मग मोटर सुरू झाली.

भूपेंद्र, लाईट नव्हती. साऱ्या गावात नव्हती. मोटर सुरू झाली. तुला माहीत आहे, लॉकवरची गाडी आपोआप खाली येत नाही. आधी ती दोन बोटं वर उचलावी लागते. मग एका हातानं लॉकची तार ओढायची, दुसऱ्या हातानं खटका दाबायचा. कोणीतरी उभं राहून हे करावं लागते.

गाडी दोन बोटं वर गेली.

तार ओढल्याचा आवाज आला.

मग तेल सुटलं. शूऽऽ.

कुशल बाहेर पळायला वाकला आणि पाठ धरली. तिथंच. पाय हलेनात. तो गुडघ्यावर बसला. गाडी खाली आली. तो आडवा झाला. गाडी आणखी खाली आली. बॅटरी चाकासंगं कुठं गेली, कळलं नाही. अंधार. गिअरबॉक्सचं लोखंड छातीला टेकलं. थंड. तेलकट. तो सांगतो, त्या वेळी डोळ्यापुढं राखी आली. उद्या सकाळी तिला हे पाहावं लागन, एवढंच मनात आलं.

तो ओरडला. "थांब! खाली आहो! थांब! मी खाली आहो!"

आणि त्याच्या बाजूलाच... गाडीखाली... कानापाशी... कोणीतरी हळू आवाजात बोललं,

"मीबी हेच म्हनलो होतो."

...

लिफ्ट थांबली.

ओरडणं ऐकून राखी धावत आली. तिनं मोबाईलच्या उजेडात पाहिलं. खटक्यापाशी कोणी नाही. दार आतून लावलेलं, ती मागच्या दारानं आली होती. पोतं धरून तिनं नवऱ्याला इंच इंच ओढून काढलं. छातीवर शर्टाच्या गुंड्या रुतल्या होत्या, त्याचे वळ मी दुसऱ्या दिवशी माझ्या डोळ्यानं पाहिले. खिळा रिकामा होता. चप्पल खाली पडली असेल म्हणून राखीनं सारं शेड धुंडाळलं. ड्रमामागे, टायरात, अंगणात. नव्हती.

सकाळी पोरं "ले जा रे नारबोद" ओरडत रोगराई हाकलायला वेशीकडे निघाली होती आणि कुशल माझ्या दारात उभा. उजव्या पायात चप्पल, डावा पाय उघडा. एवढ्या लांब तसाच आला होता. म्हणाला, "मामाजी, देवरीले चला. ते चप्पल पायजे. त्याचं त्याले परत टांगून देतो."

मी मोटरसायकल काढली.

त्या गॅरेजासमोर कलाबाईची चहाची टपरी आहे. आधीच्या खेपेला तिला विचारलं असतं तर! पण आपल्याला लोखंड तपासायचं कळते, माणसाला विचारायचं सुचत नाही. मी विचारलं, "बाई, इथं कोन काम करत होतं?" तिनं आधी कुशलच्या उघड्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मंगरू. लय गरीब सभावाचा पोरगा. तो खाली होता, भाऊ. तवाच्या मालकाले गिऱ्हाईकाची घाई. मालकाले वाटलं, पोरगा चप्पल भुलून घरी गेला. काढली, फेकली, अना खटका दाबला." तिनं पदर तोंडाला लावला. "मी इथून ऐकलं त्याले. खाली आहो, खाली आहो, म्हनत होता. मी धावत गेली, पन..."



कुशल सरळ पडक्या भिंतीमागे गेला. रात्रभर पाऊस झालेला, तरोटा कमरेएवढा, पानापानातून पाणी गळत होतं. जिथं त्यानं भिरकावली होती, बरोबर तिथं वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी म्हटलं, "सापडली का रे?"

तो हातात चप्पल घेऊन बाहेर आला.

तपकिरी. डाव्या पायाची. अंगठ्याचा पट्टा तांब्याच्या तारेनं बांधलेला.

आणि कोरडी. त्याच्या पँटीतून पाणी निथळत होतं, माझे बूट भरले होते, आणि ती चप्पल कोरडी ठणठणीत. मी हात लावून पाहिलं. निळ्या पट्ट्याची शोधायला मी सारा तरोटा तुडवला, कलाबाईनं विळा आणून दिला तर कापूनही पाहिला. ती नाही मिळाली. आजवर नाही.

कुशल तिथंच चिखलात बसला आणि रडला. लहानपणी आंब्यावरून पडून हात मोडला तेव्हा रडला नव्हता हा पोरगा. मला वाटलं, वाचल्याचं रडू आहे. मी म्हटलं, "सुटलास बाबा, जीव वाचला, आता चप्पल घाल अन् घरी चल." तर तो म्हणाला, "मामाजी, कसा सुटलो? मी निघालो, पन चप्पल मी काढली नाई. त्यानं काढली. नियमानं मी अजून खालीच आहो."

मी लय समजावलं. राखीनं समजावलं. गुरुजी स्वतः येऊन बसले त्याच्याजवळ. काही फरक नाही. ती लिफ्ट अजून शेडात आहे, हात पार वर करून, लॉक लावून. विकत नाही. म्हणतो, नेणारा खटका दाबन. गाडीखाली तो आता जात नाही. दारात बसून पंक्चर काढतो, सोन्याच्या हाताचा माणूस. पाठीला आराम आहे, तेवढंच.

ती चप्पल त्यानं घरी नेली नाही. घालत नाही, फेकू देत नाही. माझ्याकडे दिली. म्हणाला, उंच टांगा, जिथं कोणाचा हात पडणार नाही.

वर पाहा. तुझ्या डोक्यावर, डिंपल. मघाशी तू छत्री टांगत होतीस, तोच खिळा.

उठू नका, बसा. काही करत नाही ती. नुसती टांगलेली आहे. भूपेंद्र, तू नवी घे का जुनी घे, मी आडवा येणार नाही. पण आधी समोरच्या टपरीवर चहा पी...

थांबा, फोन वाजला. त्याचाच असेल. रोज याच वेळेला येतो.

हां, बोल बेटा.

...

हाव रे. आहे. आहे खिळ्यावर. समोरच पाहून राहिलो ना मी.

...

नाई, कोनी हात नाई लावला. झोप आता.