काकू गिअर टाकायच्या

दिवा बंदच असू दे. आणि तू, तो मोबाईलचा उजेड माझ्या डोळ्यांवर मारू नकोस. गोष्ट ऐकायची तर अंधारात ऐका, नाहीतर आत जा आणि आत्याला भांडी आवरायला मदत करा.

माझा एक मित्र आहे, गॅरेजवाला. तुम्ही त्याला पाहिलंय, गेल्या महिन्यात आपली गाडी घेऊन गेला तोच. बॉनेट उघडायच्या आधी तो नुसता कान लावून ऐकत बसतो, म्हणून आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. थापा मारण्यात माझा पहिला नंबर, हे तुमची आजीही सांगेल. पण डॉक्टर थापा मारत नाही. त्याने मला सांगितलं तसंच सांगतो.

त्याचं एक जुनं गिऱ्हाईक होतं, चष्मेवाले काका. आपल्या चष्म्यांच्या दुकानातल्या शिडीवरून पडून त्यांचा डावा हात मोडला होता. हाड जुळलं, पण पंजात जोर म्हणून राहिला नाही. तो हात स्टिअरिंगवर ठेवता यायचा, गिअर काही टाकता यायचा नाही. दुसरा कोणी गाडी विकून मोकळा झाला असता. या दोघांनी काय करावं? काका क्लच दाबायचे आणि शेजारी बसलेल्या काकू गिअर टाकायच्या.

हसताय काय? वर्षानुवर्षं चाललं तसं. तोंडाने एक शब्द नाही. इंजिनाचा आवाज चढला की काकूंचा हात जायचा, तोवर काकांचा पाय क्लचवर गेलेला असायचा. भांडण झालं असलं की काकू चौथा टाकायच्याच नाहीत. अख्खा रस्ता तिसऱ्यावर, गाडी बोंबलतेय आणि काका निमूट समोर बघतायत. घरी पोचल्यावर काका इंजिन बंद करायचे, मग काकू पहिला गिअर टाकायच्या आणि तेव्हाच उतरायच्या. घर उतारावर होतं त्यांचं, पहिल्यात ठेवली की गाडी घरंगळत नाही. पुढे पुढे ती सवयच झाली. सपाट जागेवरसुद्धा पहिला टाकल्याशिवाय त्यांचा पाय गाडीबाहेर पडायचा नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा सरताना काकू गेल्या. गाडीवर कव्हर चढलं.

मग आला नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. डॉक्टर शटर ओढणार, तेवढ्यात काकांची गाडी दारात येऊन थांबली. काका म्हणाले, गिअर तपासून हवाय, आणि आत्ताच हवाय. डॉक्टरने विचारलं, होतंय काय?

"क्लच दाबला की गिअर आपोआप पडतो," काका म्हणाले. "दोष असला तर आहे म्हण. नसला तर नाही म्हण. मला मधलं काही नको."

डॉक्टरला त्यात काही वावगं वाटलं नाही. गिअरच्या तक्रारी म्हणजे त्याचं रोजचंच काम. मग त्याचं लक्ष डाव्या सीटकडे गेलं. सीट रिकामी होती.

काका एकटेच गाडी चालवत आले होते.

मग काकांनी सगळं सांगितलं. एका रात्री झोप येईना, म्हणून कव्हर काढून ते गाडीत नुसते बसले होते. सवयीने इंजिन चालू केलं, सवयीनेच क्लच दाबला… आणि पहिला पडला. तेव्हापासून रोज रात्री ते एक फेरी मारत होते. मुलीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, बाबा, गाडी बिघडलीय आणि तुम्ही मनाला लावून घेतलंय, माझ्याकडे राहायला या. सोमवारी ती न्यायला येणार होती. गाडीत दोष निघाला तर काका निमूट जाणार होते. नाही निघाला तर जाणार नव्हते. काकूंना एकटं टाकून जायचं कसं?

डॉक्टर कामाला लागला. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहिले, अलगद पडले. इंजिन चालू करून टाकले, कुठे खरखर नाही, म्हणजे क्लच पूर्ण सुटत होता. तेल पाहिलं, त्यात धातूचा कीस नव्हता. गाडीखाली शिरला तेव्हा कुठे एक गोष्ट सापडली. टाकलेला गिअर जागेवर धरून ठेवणारी एक छोटी स्प्रिंग असते, ती मलूल झाली होती. पण तिच्यामुळे काय होतं? पडलेला गिअर निसटतो. न टाकलेला गिअर पडत नाही. उलटंच असतं ते.

हे डॉक्टरला पक्कं ठाऊक होतं. पण एका हाताचा म्हातारा माणूस, रात्रीचा एकटा गाडी घेऊन हिंडतोय… लेकीकडे गेलेला बरा. तो बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "सापडला दोष, काका. स्प्रिंग आहे."

काका म्हणाले, "म्हणजे स्प्रिंगच होती."

डॉक्टर सांगतो, त्याला तेव्हा माणूस मारल्यासारखं वाटलं.

नवी स्प्रिंग सोमवारी मिळणार होती. काकांना घरी पोचवायला डॉक्टर सोबत निघाला. म्हणाला, मी शेजारी बसून गिअर टाकतो. काका म्हणाले, पुढे नको, मागे बस. तो मागे बसला. दोन सीटच्या मधून हात घालून त्याने पहिला टाकला, दुसरा टाकला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इंजिनाचा आवाज चढला. काकांनी क्लच दाबला. डॉक्टरने अंधारात हात पुढे केला…

दांडा लागला नाही.

हात लागला.

गिअरच्या मुठीवर आधीच कुणाचा तरी हात होता. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर… त्याला दिसत होते. तो हात लहान होता. बोटं हाडकुळी. गारही नव्हता रे, आपल्यासारखाच होता.

त्याच्या तळव्याखालून तिसरा पडला.

डॉक्टरने हात मागे घेतला. घरापर्यंत पुन्हा पुढे केला नाही.

…

घरासमोर उतारावर काकांनी ब्रेक दाबून गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. आरशातून मागे बघत म्हणाले, "आता खरं सांग. स्प्रिंग गेली म्हणून गिअर पडतो का?"

"नाही, काका," डॉक्टर म्हणाला. "चुकलं माझं. गाडीचा दोष नाही."

काका रडले. खूप रडले. डॉक्टरला वाटलं, आता हे काही लेकीकडे जात नाहीत. पण शांत झाल्यावर काका वेगळंच बोलले.

"जिवंत होती तेव्हा माझा हात झाली. मेल्यावर तरी तिला सुटी नको का? मी क्लच दाबतो, म्हणून ती येते रे. तू घेऊन जा गाडी. मी परवा पोरीकडे जातो."

डॉक्टरने हँडब्रेक ओढला. इंजिन तसंच चालू ठेवून काका उतरले आणि मागे वळून न बघता घरात गेले. गाडी परत नेताना डॉक्टरने गिअर स्वतःच्या हाताने टाकले. दर वेळी आधी म्हणायचा, "काकू, टाकतो हं." त्या रात्री पुन्हा काही झालं नाही. गॅरेजपाशी इंजिन बंद करून त्याने गाडी न्यूट्रलमध्ये ढकलत आत घेतली. रविवारी गिअरचा दांडा काढून टेबलावर ठेवला, स्प्रिंग आली की सगळं बसवायला. शटरला कुलूप लावून किल्ली खिशात घातली.

सोमवारी सकाळी लेक येऊन काकांना घेऊन गेली.

दुपारी डॉक्टर स्प्रिंग घेऊन आला. कुलूप जसंच्या तसं होतं. गाडी थोडी पुढे घ्यावी म्हणून त्याने ढकलली.

हलेना.

पुन्हा ढकलली. हँडब्रेक पाहिला, सैल होता. चाकाखाली दगड नव्हता. मग तो खाली वाकून गाडीखाली शिरला…

दांडा टेबलावरच होता, त्याने ठेवला तिथे. आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये होती.