मागच्या रांगेचे फोटो

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा आत आधीच कुणीतरी होतं. नीट पाहिलं तर दोघं होते. एक उंच, किडकिडीत तरुण, आणि त्याच्या मिठीत त्याच्याहूनही उंच, पोट सुटलेल्या माणसासारखी एक काळी पेटी.

बाहेर ती उभी होती. पाठीवर सॅक, उजव्या खांद्यावर लेन्सची बॅग, डाव्या हातात ट्रायपॉड आणि गळ्यात कॅमेरा. घरी तिला लहानपणापासून बारकी म्हणत, आणि एवढ्या सामानाखाली ती दिसतही होती बारकीच. ती अंग चोरून आत शिरली, तशी लिफ्ट टीं टीं करून ओरडायला लागली.

"वजन जास्त झालं," तो म्हणाला.

"तुमचं की माझं?"

"मी तर बेतानंच जेवतो. ह्यांचं मला सांगता येणार नाही." त्याने पेटीवर हलकेच थोपटलं.

तिला हसू आलं, पण ते तिने ट्रायपॉडच्या आड लपवलं. एकाने उतरायलाच हवं होतं. ती पेटी पुन्हा बाहेर काढणं म्हणजे कपाट हलवण्यासारखं होतं. तुमच्या बॅगा इथे ठेवा, मी वर आणून देतो, असं तो म्हणाला. त्यावर ती आपली बॅग कुणाच्या हातात देत नाही, हे तिने इतक्या ठसक्यात सांगितलं की त्याने पुढे केलेला हात मागे घेतला. मग ती चार मजले जिन्याने चढली. तिसऱ्या मजल्यावर उजव्या हाताला मुंग्या आल्या. चौथ्यावर पोचली तेव्हा श्वास भात्यासारखा चालला होता, आणि समोर तो उभा होता... हातात पाण्याची बाटली घेऊन.

ती पाणी प्यायली. तिच्या धापांबद्दल तो चकार शब्द बोलला नाही. ह्याच गोष्टीमुळे तो तिच्या मनात भरला, हे तिला पुष्कळ उशिरा कळलं.

दोघांना एकाच दालनात जायचं होतं. तो तिथल्या वाद्यवृंदात डबल बेस वाजवायचा. मागच्या रांगेत उभं राहून, एखाद्या अवाढव्य व्हायोलिनसारखं ते वाद्य कवेत घेऊन. तिला वृंदाच्या कार्यक्रमांच्या नव्या मोसमासाठी तालमीचे फोटो काढायचे होते. मोठं काम होतं. मोसमाचं पोस्टर, पुस्तिका, सगळ्यावर तिचे फोटो येणार होते.

तालीम सुरू झाली. बाहेर पाऊस लागला होता, काचांवरून पाणी ओघळत होतं, आणि आत सूर हळूहळू खाली येत येत अगदी पुसट झाले. तेवढ्यात तिने बटण दाबलं.

खटॅक.

तिच्या कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोगणिक आतला आरसा उचलला जायचा आणि परत खाली पडायचा. लग्नात, सामन्यात, सभेत तो आवाज कुणाच्या कानावरही गेला नसता. इथे मात्र तो दार आपटल्यासारखा वाजला. वृंदाच्या संचालकांनी, ज्यांना सगळे सर म्हणत, हातातली काठी खाली घेतली आणि वळून पाहिलं. ते रागावले नाहीत. फोटो मध्यंतरात काढा, एवढंच म्हणाले. पण मध्यंतरात काय मिळणार होतं? चहा पिणारी, मोबाइल बघणारी, जांभया देणारी माणसं. शेवटी सरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं की आवाज न करता जमत असेल तर पुढच्या आठवड्यात या, नाहीतर आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल.

सगळे पांगल्यावर ती बॅग उचलायला गेली आणि हात वरच येईना. खांद्यात कळ अशी उठली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. त्याने ते दुरून पाहिलं. जवळ आला, काही न विचारता बॅगेचा पट्टा उचलून धरला, आणि ती सावरल्यावर म्हणाला, "खाली कॉफी बरी मिळते."

कॉफी बरी नव्हती, पण गप्पा रंगल्या. त्याला वृंदात सगळे लंबू म्हणतात हे कळलं. त्याच्या वाद्याला गाडीत झोपवावं लागतं आणि त्यासाठी थोरल्या भावाची व्हॅन दर वेळी मागावी लागते, हेही कळलं. कप रिकामे होईपर्यंत दोघं 'तुम्ही'वरून 'तू'वर आले होते. आधी कोण आलं, हे नंतर दोघांनाही आठवेना.

तिनेही मग सांगितलं. नवी होती तेव्हा मैदानाच्या कडेला उभे राहणारे बाकीचे फोटोग्राफर तिला हसायचे. पोरी, लेन्स तुझ्यापेक्षा जड आहे, आम्ही धरू का, म्हणायचे. तेव्हापासून तिने त्यांच्यातल्या कुणाहीपेक्षा एक लेन्स जास्तच वाहिली होती. डॉक्टर दोनदा म्हणाले होते की हे वजन उचलणं बंद कर, नाहीतर एक दिवस हात संपावर जाईल. ते तिने कानाआड केलं होतं.

तो ऐकत होता. कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. मग हळूच म्हणाला, "आता लहान कॅमेरे निघालेत ना? आरसा नसलेले... आवाजही करत नाहीत म्हणे. मी माझं वाद्य लहान केलं तर त्याचा सूरच जाईल, मला इलाज नाही. तुझं तसं नाही ना?"

बोलला ते सरळ मनाने. पण लागायचं तिथेच लागलं.

"म्हणजे मला झेपत नाही, असंच ना?"

"मी असं कुठे..."

पण ती उठली होती. सगळं सामान एकटीने अंगावर चढवलं, दातओठ खात, आणि पावसात चालती झाली. मागे वळून पाहिलं नाही, कारण मान वळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला केस विंचरता येईनात. कंगवा कानापर्यंत जायचा आणि हात थांबायचा. आईने तिला समोर बसवलं आणि विंचरायला घेतलं. केसांतून आईची बोटं फिरायला लागली तशी ती सगळं बोलून गेली. सरांचं, खांद्याचं, लंबूचंसुद्धा. लंबूचं जरा जास्तच.

"त्याने तुला काय वाईट सांगितलं गं?" आईने विचारलं.

"तुला नाही कळायचं. मी इतकी वर्षं सगळ्यांना दाखवलं..."

"कुणाला?" आई वेणी घालत म्हणाली. "ती हसणारी माणसं आता कुठे असतात, ते तरी तुला माहीत आहे का? ती घरी निवांत झोपलेली असतील, बारके. आणि इथे केस मी विंचरतेय."

दुपारी बारकी कॅमेऱ्यांच्या ओळखीच्या दुकानात गेली. दुकानदाराने तसा लहान, बिनआरशाचा कॅमेरा हातावर ठेवला तेव्हा तिला आधी वाटलं, ह्यात अजून काही बसवायचं राहिलंय. दोन लेन्ससकट सगळा संसार एका छोट्या पर्समध्ये मावत होता. आठवडाभर वापरून बघा, नाही पटलं तर परत द्या, असं दुकानदार म्हणाला.

पटायची चिन्हं नव्हती. बटणं एवढीशी की अंगठा एकावर ठेवला तर दोन दाबली जायची. बॅटरी ऐन वेळी मान टाकायची. एका कंपनीच्या समारंभात ती अर्धा तास फोटो काढत फिरली, आणि मग तिथल्या व्यवस्थापक बाईंनी येऊन काळजीने विचारलं की फोटोग्राफर कधी येणार आहेत. ती घरी आली ती ठरवूनच. उद्या हे खेळणं परत करायचं.

सकाळी कॅमेरा पर्समध्ये भरायला घेतला आणि स्वयंपाकघरातून आईचं हसणं ऐकू आलं. आई फोनवर मावशीशी बोलत मटार सोलत होती. फोन मानेत धरलेला, एक दाणा गाऊनच्या बाहीत अडकलेला, आणि कुठल्यातरी जुन्या फजितीवर डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. बारकीने दारातूनच कॅमेरा उचलला. एक, दोन, तीन... आईला पत्ताच नाही.

मोठा कॅमेरा बाहेर निघाला की आई आजवर पदर नीट करून, ओठ मिटून, ओळखपत्रासाठी बसल्यासारखी बसायची. घरात आईचे ढीगभर फोटो होते, आणि त्यांतल्या एकातही ही हसणारी बाई नव्हती. बारकी दाराला टेकून ते फोटो पाहत राहिली. मग दुकानात गेली ती कॅमेरा परत द्यायला नाही, तर जुनं सामान बदल्यात द्यायला. मोठी बॅग काउंटरवर ठेवताना तिचा हात थोडा रेंगाळला, डोळेही भरले. पण दुकानाबाहेर आल्यावर खांदा आपोआप मागे गेला आणि ती रस्त्याने कितीतरी दिवसांनी सरळ चालली.

पुढच्या तालमीला ती गेली तेव्हा सरांनी तिच्या रिकाम्या खांद्यांकडे पाहून भुवई उंचावली. तिने फक्त एक संधी द्या म्हटलं. मग ती वादकांच्या मधोमध जमिनीवर बसली, गुडघ्यांवर सरकत राहिली. सूर पुसट झाले तरी ती फोटो काढत होती, आणि तिचा अगदी श्वासाएवढाही आवाज नव्हता. व्हायोलिनवाल्या बाईंच्या कपाळावरची शीर, बासरीवाल्याचे मिटलेले डोळे, सरांच्या थरथरत्या बोटांची टोकं. तालीम संपली तेव्हा सर म्हणाले की ती आहे हे आपण विसरूनच गेलो होतो. तिला आयुष्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी होती.

लंबू वाद्य पेटीत ठेवत होता. ती शेजारी जाऊन उभी राहिली.

"त्या दिवशी चिडले मी."

"माहीत आहे." त्याने वर पाहिलं नाही. "मी चुकीचं बोललो का, तेच आठवडाभर..."

"नाही. बरोबर बोललास. म्हणून तर चिडले."

तो हसला. दोघंही आणखी काहीतरी बोलणार होते... पण पेटीचं कुलूप लागेना, आणि ते लागेपर्यंत बोलायचा धीर गेला. पुढच्या तालमींतही तसंच झालं. पाऊस, खोकला, बसची वेळ, काही ना काही आडवं यायचंच.

मग फोटो निवडायचा दिवस आला. सरांच्या खोलीत मोठ्या पडद्यावर एकेक फोटो सरकत होता. सर चष्मा कपाळावर चढवून बघत होते. बघता बघता ते खुर्चीत पुढे सरकले.

"फोटो उत्तम आहेत," ते म्हणाले. "पण मला दोन शंका आहेत. पहिली, आमचा लंबू ह्या एकाही फोटोत माझ्याकडे बघत नाहीये. मी समोर काठी हलवतोय आणि हा गृहस्थ तुमच्याकडे बघतोय. कॅमेऱ्याचा आवाज नाही, काही नाही, मग ह्याला कळतं तरी कसं तुम्ही कुठे बसलात ते?"

तिचे कान गरम झाले. "आणि दुसरी?"

"दुसरी म्हणजे, वृंदात एवढी माणसं असताना निम्मे फोटो मागच्या रांगेचेच कसे?"

ती पडद्याकडे बघत राहिली. खरंच की. लंबू वाकलेला, लंबू घाम पुसताना, लंबूची तारांवरची लांब बोटं, आणि प्रत्येक फोटोत सरळ तिच्याकडे बघणारे, पकडले गेलेले डोळे. काढताना तिला वाटलं होतं ती प्रकाश शोधतेय.

"त्याला माझा निरोप सांगा," सर चष्मा खाली घेत म्हणाले. त्यांच्या मिशीत हसू दडलं होतं. "तालीम माझ्याकडे बघून करायची असते. बाकीचं तालमीनंतर."

तो खाली पोर्चमध्ये पेटीला टेकून व्हॅनची वाट बघत उभा होता. बारीक पाऊस पडत होता, दिव्यात दिसेल न दिसेल इतका. ती जवळ गेली आणि सरांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. फक्त दुसरी शंका गाळली.

त्याचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "सरांनी... असं म्हटलं?"

"हो."

"मग मी काय करू आता?"

"ते तू ठरव. मी निरोप्या."

तो सरळ तिच्याकडे वळला. "सरांकडे बघायचा प्रयत्न करीन. पण तू खोलीत असलीस की जमणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव. मला तू आवडतेस. पहिल्यापासून. चिडून गेलीस तेव्हा तर फारच."

तिने इतका सरळ सूर अपेक्षिला नव्हता.

"सरांची आणखी एक शंका होती," ती म्हणाली.

"कसली?"

तिने कॅमेरा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याच्या लांब बोटांत तो काडेपेटीसारखा दिसत होता. तो एकेक फोटो पुढे सरकवत गेला. आधी हसला, मग हसायचा थांबला, आणि त्या इवल्या पडद्यावर स्वतःला पाहत त्याने दुसरा हात पुढे केला. तिने तो धरला. बोटांची टोकं तारांनी घट्टे पडून कडक झाली होती, आणि तळवा मात्र उबदार, थोडासा घाबरलेला.

व्हॅन येऊन थांबली. त्याच्या भावाने काच खाली करून दोघांकडे, मग दोघांच्या हातांकडे पाहिलं. मागे वाद्य झोपवून झाल्यावर पुढे एकच जागा उरते, आणि तिथेही आज भाजीच्या पिशव्या आहेत, असं त्याने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं.

"मग आम्ही चालत येतो," लंबू म्हणाला.

"कुठे?" ती म्हणाली.

"तुझ्या घरापर्यंत. फार लांब आहे का?"

"बसने जवळ आहे. चालत बरंच आहे."

"बरं झालं," तो म्हणाला.

वाद्य घेऊन व्हॅन निघून गेली. ती दोघं पावसाच्या कडेकडेने, दुकानांच्या छपरांखालून चालू लागली, आणि छपरं संपली तिथेही थांबली नाहीत.