छताची झडप

मोटारहोम परत आणायला बाबा, सुन्नाताई आणि मी असे आम्ही तिघं बसने गेलो होतो. हिवाळ्यात आमच्या ध्रुवाजवळच्या आकाशात उठणारा उत्तरेचा प्रकाश बघायला लोक दूरदूरून येतात, त्यांना बाबा ती गाडी भाड्याने देतात. या वेळचं जोडपं किल्ली पेट्रोल पंपावर ठेवून, सहल अर्धी टाकून विमानाने निघून गेलं होतं.

आत सगळं आवरलेलं होतं, चादरींच्या घड्यासुद्धा. फक्त प्रत्येक खिडकीवर आतून स्वयंपाकाचा चंदेरी कागद चिकटवला होता. छताच्या झडपेवर तर तीन-चार थर.

"उजेड बघायला आले आणि उजेडच नको झाला बिचाऱ्यांना," सुन्नाताई हसत म्हणाली.

परतताना पठाराच्या पायथ्याशी रस्त्याचं फाटक बंद होतं. वर वाऱ्याने बर्फ उडत होता. फाटकावरचा इस्साक खिडकीशी आला.

"बर्फ ढकलणारी गाडी पलीकडून येतेय. तिच्या मागोमागच जायचं. तासभर लागेल. कॉफी असेल तर प्या, भांडण असेल तर उरकून घ्या."

आणि तो खालच्या फाट्यावर बाकीच्या गाड्या अडवायला निघून गेला.

दुपारचे तीन वाजले असतील. डिसेंबरात आमच्याकडे तेव्हा मिट्ट काळोख असतो. डोक्यावरचं आकाश मात्र स्वच्छ होतं, आणि थोड्याच वेळात त्यात हिरवी रेघ उठली.

ताईने झडपेवरचा कागद टराटरा फाडला. बूट काढून ती बाकावर चढली, झडप उघडली आणि भांडी पुसायचा पांढरा कपडा बाहेर काढून हलवू लागली. लहानपणी आम्ही हे चोरून करायचो. पांढरं काही हललं की प्रकाश खाली येतो म्हणतात. त्यासाठी मारही खाल्ला होता.

"सुन्ना, कपडा आत घे."

"येऊ दे की, बाबा. कॉफी देऊ त्याला."

"आत घे म्हटलं ना." बाबांचा आवाज बारीक झाला होता.

हिरवा उजेड झडपेतून ओघळल्यासारखा आत आला. त्याच्याबरोबर थंडगार लोखंडाचा वास. ताईचा हात वर ताणला गेला, मग तिच्या टाचा बाकावरून उचलल्या गेल्या. मी तिचा पाय धरला. तेवढ्यात आतला दिवा गेला. माझ्या हातात नुसता मोजा राहिला... आणि लगेच ती धप्पकन बाकावर येऊन बसली. बाबांनी चाचपडत झडप लावली.

"शाल घे. डोकं झाक," ते कुजबुजले. "तो वर आहे तोवर कुणी बोलायचं नाही."

ताईने शाल पार तोंडावर ओढली. बाबा तिचा हात धरून, दाराला पाठ लावून बसले. हीटरही बंद पडला होता. छतावर बर्फ करकरला... थांबला... मागच्या टोकाशी पुन्हा करकरला.

मग दारावर दोनदा टकटक झाली, आणि नखाने ओरखडल्याचा आवाज आला. ताई माझ्या खोलीचं दार अशीच वाजवते.

"बाबा... दार उघडा."

आवाज ताईचा होता.

"मी मागच्या बाजूला पडले. खूप गार आहे, बाबा... एल्ले, अगं, तू तरी... थट्टा करताय का दोघं माझी?"

बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. शालीतली ताई जराही हलली नाही. तिचे गुडघे माझ्या गुडघ्यांना टेकले होते. मला उठायलाही जागा नव्हती.

"पायाची बोटं कळेनाशी झालीत..." आवाज आता खालून येत होता, पायरीवर बसल्यासारखा.

झडपेच्या काचेतून जमिनीवर हिरवा चौकोन पडला होता. मी खाली बघितलं. शालीखाली दोन पाय होते, आणि दोन्ही पायांत मोजे होते. करडे, लाल काठाचे, आईने विणलेले. तसाच एक माझ्या मुठीत होता.

मी मूठ उजेडात धरली आणि बाबांसमोर उघडली.

त्यांनी मोजा बघितला. मग खालचे पाय. मग हातातला हात एकेक बोट करून सोडला. त्या हाताने मात्र त्यांना सोडलं नाही. तसंच वाकडं होऊन, दुसऱ्या हाताने, बाबांनी कडी काढली.

ताई पायरीवर अंग दुमडून बसली होती. एक पाय उघडा, कान पांढरे पडलेले. बाबांनी तिला ओढून आत घेतलं. दोन्ही हातांनी. मी वळून बघितलं, तर बाकावर शाल होती, बसलेल्या माणसाच्या आकाराची. मग ती हळूच खाली बसली, आत कुणी नसल्यासारखी.

दारातून मात्र कुणीच बाहेर गेलं नव्हतं.

बर्फाची गाडी आली, फाटक उघडलं. पठारावर तिच्यामागे जाताना थांबता येत नाही. आम्ही तिघं पुढच्या सीटांवर दाटीने बसलो, ताईचा पाय माझ्या स्वेटरखाली, आणि घर येईपर्यंत कुणीही मागे वळून पाहिलं नाही.

ताईच्या पायाची बोटं वाचली. गाडी अंगणात उभी आहे. बाबांनी तिच्या खिडक्या आणि झडप चंदेरी कागदाने पुन्हा झाकल्या, या वेळी बाहेरून.

आज शाळेतून आले तेव्हा प्रकाश उठला होता. वारा अजिबात नव्हता. झडपेवरचा कागद एका बाजूने फाटला होता, आणि फटीतून पांढऱ्या कपड्याचं टोक वर आलं होतं.

ते सावकाश हलत होतं.