उकंड्याचं दुसरं नाव

बोरी अरबच्या बाजारात सुरभीचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. बटण दाबायच्या आधी ती गिऱ्हाइकाचं नाव मोठ्यानं वाचते, चूक राहू नये म्हणून. ही सवय साऱ्या बाजाराला पाठ.

त्या दुपारी काउंटरवर आधी एक कागद आला, मग कागदामागचा उंच, सावळा पोरगा. कापूस वेचणीचे दिवस. त्याच्या भुवईला कापसाची एक तार चिकटली होती. ती काढावी असं सुरभीला वाटलं... मग स्वतःचाच राग आला, आणि तिनं घाईनं वाचायला घेतलं.

"नय—"

त्यानं झपकन कागदावर पंजा ठेवला. "मॅडम, मोठ्यानं नोका वाचू."

"का? तुमचंच नाव आहे ना?"

"हाय... पन ते कोनी घेत नाही. मले उकंडा म्हना."

त्याच्या आधीची तिन्ही भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तसा त्याच्या आईनं, बेबीताईंनी, त्याला सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या सुखीबाईनं उचललं आणि टोपलंभर कोंडा घेऊन परत दिलं. टाकून दिलेलं पोर न्यायला मरण कशाला येतंय! नाव पडलं उकंडा, म्हणजे उकिरडाच. खरं नाव आत्यानं बारशाला कानात सांगितलं तेवढंच. पुढं ते कागदावरच राहिलं.

"आणि कोणी घेतलंच तर?"

"सातवीत हेडमास्तरनं बक्षिसाले पुकारलं. मंडप पडला. बँकेतल्या सायबानं घेतलं, तर मले एकशे पाच ताप, अन् सायबाची बदली."

मंडप पडला ते खरं. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं, आणि पाहुणे कापडाखालून दोन तास भाषण करत राहिले, असं अजून सांगतात.

सुरभी पोटभर हसली.

फॉर्म अडला. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर उकंडा. तो सोमवारी आला, गुरुवारी आला. दुरुस्ती झाली, तरी येतच राहिला.

"आज काय आणलं?"

"कागद घरीच राह्यला."

"मग आले कायले?"

"तेच सांगाले."

एकदा बाजार रिकामा होता. तो काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणाला, "सुरभी, एकदा नाव घे ना. तुह्या तोंडून ऐकाचं हाय."

"मंडप पडेल."

"इथं कुठं हाय मंडप?"

घेते, म्हणाली ती. ओठ उघडले... आणि जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांपुढं तीन रिकामे पाळणे आले.

"तू तं मानत नव्हती," तो म्हणाला.

"नव्हते मानत. तवा तू माहा कोनी नव्हता."

एवढं बोलून ती कीबोर्ड पुसायला लागली. बराच वेळ पुसत होती.

आठ दिवसांनी बेबीताई स्वतः दुकानात आल्या. तो मागं दारातच थांबला.

"नाव मोठ्यानं वाचनारी तूच का?"

"तुमच्या पोराचं नाही वाचलं, मावशी."

"अन् लग्नात? उखान्यात कोनाचं घेशील?"

"उकंडाच म्हणीन. जन्मभर."

बेबीताईंनी तिच्याकडं पाहिलं. सुरभी रिकाम्याच स्क्रीनवर माऊस फिरवत होती.

"भेव लागते तुले?"

"लागते."

"कधीपासून?"

"पहिली वेचणी झाली तेव्हापासून."

"मले पंचवीस वर्सांपासून." बेबीताई स्टुलावर बसल्या. पदराचं टोक मुठीत आवळलं. "एकटीनं भेऊन भेऊन थकली मी, पोरी."

आणि दाराकडं वळून, विहिरीत पाय सोडावा तशा म्हणाल्या, "नयन."

पंखा थांबला.

प्रिंटरमधला कागद अर्धा बाहेर येऊन लटकला. बेबीताईंनी डोळे गच्च मिटले. नयननं स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहिला... काळीज चालू होतं. सुरभीला त्याच्याकडं पाहवेना, आणि नजर काढवेना.

तेवढ्यात समोरून सलूनवाला ओरडला, "अर्धी दाढी झाली हो गिऱ्हाइकाची! लाइन कवा येते?"

साऱ्या बाजाराचीच लाइट गेली होती.

पंखा फिरायला लागला. मग सुरभी दाराकडं वळली.

"नयन... तीन चहा सांग."

त्यानं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, कोणाला हाक मारली म्हणून.

"तुलेच म्हनते," सुरभी म्हणाली.

तो निघाला. समोरून भरधाव ट्रॅक्टर गेला, नयन थांबला, मग रस्ता ओलांडला. तो हॉटेलात पोचेपर्यंत दोघी दारात उभ्या होत्या, एकमेकींचा हात घट्ट धरून.